न चुकणारी मोजणी : आभासी भूखंड आणि मालकीचा नैतिक प्रश्न

जमिनीची मोजणी ही वरवर पाहता गणिताची बाब वाटते. परंतु तिच्या मुळाशी एक नैतिक संबंध असतो. मोजणीत नेहमी तीन पक्ष असतात : मोजणारा, ज्याची जमीन मोजली जाते तो, आणि स्वतः जमीन. पहिल्या दोघांत भांडण होऊ शकते, संगनमतही होऊ शकते. तिसरा पक्ष मुका असला तरी साक्ष देत असतो. साखळी आखूड निघाली, आकडा फुगवला गेला, प्रत चुकीची ठरवली गेली, तर आज ना उद्या जमीनच मोजणाऱ्याला खोटे पाडते. गेल्या दोन दशकांत संगणकीय आभासी विश्वांत 'भूखंड' आखले, मोजले आणि विकले जाऊ लागले, तेव्हा या त्रिकोणातला तिसरा पक्ष नाहीसा झाला. जी मोजणी चुकूच शकत नाही तिला न्याय्य किंवा अन्याय्य म्हणता येईल काय, आणि येत असेल तर कोणत्या आधारावर, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 'जमीन' हा शब्द तिथे कोणत्या अर्थाने वापरला जातो यावर अवलंबून असल्यामुळे तो केवळ तंत्रज्ञानाचा किंवा कायद्याचा राहत नाही. साहित्यविचाराच्याही कक्षेत येतो.

जमीन साक्ष देते म्हणजे काय, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. पेशवाईच्या अस्तानंतर पुणे जिल्ह्याची पाहणी रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने केली. हेलिबरी येथे माल्थसच्या हाताखाली शिकलेला हा तरुण. शेतातल्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता उरणारे 'निव्वळ उत्पन्न' काढावे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, हे त्याचे सूत्र तर्कदृष्ट्या निर्दोष होते. १८३० साली आकारणी लागू झाली आणि काही वर्षांतच ती कोसळली. मोजणीत चुका होत्या, अंदाज फुगलेले होते. शेतकऱ्यांनी जमिनी पडीक टाकल्या, कित्येक गावे सोडून गेले. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापूर तालुक्यापासून सारे नव्याने मांडावे लागले. त्यातून १८४७ चा संयुक्त अहवाल आणि तीस वर्षांच्या मुदतीची मुंबई पद्धत सिद्ध झाली. प्रिंगलचा सिद्धान्त कोणा प्रतिपक्षाने खोडला नाही. तो पडीक रानाने खोडला. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी दर तीस वर्षांनी होणाऱ्या पाहणीत पट्टी वाढतेच, ही तक्रार मांडली, तिच्यामागेही हेच गृहीत आहे. कागदावरचा आकडा आणि रानातली वस्तुस्थिती यांची तुलना करता येते, म्हणूनच आकडा अन्यायाचा आहे असे म्हणता येते.

आता आभासी भूखंडाकडे वळता येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या संस्थेचे 'सेकंड लाइफ' हे विश्व २००३ साली खुले झाले. त्यातील जमिनीचा मूळ एकक 'प्रदेश' हा आहे. तो २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटरांचा. त्याचे तुकडे पाडता येतात आणि लहानात लहान तुकडा चार मीटर बाजूचा, १६ चौरस मीटरांचा असतो. नव्या रहिवाशाचा परिचित भूखंड बरीच वर्षे ५१२ चौरस मीटरांचा होता. हे आकडे दशमान पद्धतीचे नाहीत. ते दोनाच्या घातांचे आहेत. जमिनीचा आकार जमिनीने ठरविलेला नसून संगणकाच्या गणनपद्धतीने ठरविला आहे, हे त्यांच्यावरूनच दिसते.

मात्र तिथे खरोखर मोजले जाते ते क्षेत्रफळ नव्हे. घर, झाड, खुर्ची यांपैकी प्रत्येक वस्तू 'प्रिम' नावाच्या मूलघटकांची बनते आणि प्रत्येक घटकाचा भार यंत्रावर पडतो. दीर्घकाळ एका प्रदेशाला १५,००० घटकांची मर्यादा होती; त्या हिशेबाने ५१२ चौरस मीटरांच्या वाट्याला ११७ घटक येत. मोकळ्या जागेला यंत्राचे फारसे मोल नाही. मोल आहे ते भाराला. म्हणजे चौरस मीटर हे तिथे यंत्राच्या क्षमतेचे हिस्से वाटण्याचे सोयीस्कर नाव आहे. या नावाचा इतिहासही बोलका आहे. आरंभी कर वस्तूंवर होता. जितके बांधाल तितका कर. २००३ च्या उन्हाळ्यात त्याविरुद्ध रहिवाशांनी बॉस्टनच्या चहा-बंडाचे नाट्य उभे करून चहाच्या पेट्यांचे ढीग रचले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वस्तूंवरचा कर गेला आणि जमिनीच्या प्रमाणात आकार घेण्याची पद्धत आली. विंगेटची साखळी जशी महसुलासाठी रानात आली, तशीच तिथली मोजणीही आकारणीचा पाया म्हणून रुजली. साम्य येथपर्यंत आहे. त्यापुढे भेद सुरू होतो.

हा भेद शब्दशक्तीच्या परिभाषेत नेमका मांडता येतो. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे लक्षणेचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण. प्रवाहावर वस्ती उभी राहू शकत नाही, म्हणून मुख्यार्थाचा बाध होतो; प्रवाहाशी निकटचा संबंध असल्यामुळे 'तीर' हा अर्थ घेतला जातो; आणि 'गंगातीरावर' असे सरळ न म्हणता 'गंगेवर' म्हणण्यामागे शीतलता आणि पावित्र्य सुचविण्याचे प्रयोजन असते. मम्मटाने सांगितलेल्या या तीन अटी आभासी जमिनीला लावून पाहाव्यात. मुख्यार्थबाध उघड आहे : तिथे माती नाही, पीक नाही, पाऊस नाही. संबंधही आहे : सीमा, शेजार, हस्तांतर ही जमिनीची लक्षणे तिथे आढळतात. प्रश्न उरतो तो प्रयोजनाचा. यंत्राच्या क्षमतेचा भाडेपट्टा असे सरळ न म्हणता 'जमीन' म्हणण्याने काय सुचविले जाते? स्थैर्य, वारसा, आणि मुख्यतः दुर्मिळता. जमीन नव्याने निर्माण होत नाही, ती असते तेवढीच असते, हा शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या एका शब्दातून अलगद इकडे आणला जातो.

काव्यात लक्षणा प्रामाणिक असते, कारण मुख्यार्थाचा बाध झाल्याची जाणीव वाचकाच्या मनात जागी राहते. गंगेवर कोणी घर बांधायला जात नाही. व्यवहारात मात्र लक्षणेची किंमत मोजली जाते आणि बाध झाल्याचे विस्मरण हाच विक्रीचा आधार होऊ शकतो. त्यामुळे प्रयोजन नैतिक परीक्षेला पात्र ठरते.

ही परीक्षा करताना 'डिसेंट्रालँड' या दुसऱ्या विश्वाचे उदाहरण उपयुक्त आहे. २०१७ साली त्याची घोषणा झाली आणि २०२० च्या फेब्रुवारीत ते सर्वांना खुले झाले. तिथे ३०१ गुणिले ३०१, म्हणजे एकूण ९०,६०१ चौकोन आहेत. रस्ते आणि चौक त्यांतच आले. संख्या ठरलेली आहे आणि मालकीची नोंद कोणा एका कचेरीत नसून अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते. मूळ योजनेत प्रत्येक चौकोन १० मीटर बाजूचा होता. १०० चौरस मीटर म्हणजे नेमका एक आर. सातबाऱ्यावर क्षेत्र 'हेक्टर-आर' असे वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला हे माप घरचे वाटेल. ३३ फूट साखळीचा वर्ग, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठाही जवळजवळ तेवढाच. पुढे चौकोनाची बाजू १६ मीटर झाली. एक आराचा भूखंड २५६ चौरस मीटरांचा, म्हणजे अडीच गुंठ्यांहून किंचित मोठा झाला. कोणाचा बांध कोरला गेला नाही, कोणी शेजाऱ्याच्या हद्दीत शिरला नाही, तरी प्रत्येकाची जमीन अडीचपट झाली. आणि कोणाचेच काही वाढले नाही, कारण सर्वांचे सारखेच वाढले.

हे शक्य झाले, कारण नोंदीत चौकोनाचे केवळ दोन निर्देशांक असतात : आडवा आकडा आणि उभा आकडा. चौकोन कोणता हे नोंद सांगते. तो केवढा हे सांगत नाही. केवढेपणा दर्शनप्रणालीच्या हाती असतो. सातबाऱ्यावर याच्या उलट क्षेत्र लिहिलेले असते, आणि वाद झाल्यास टिपण घेऊन रानात उतरावे लागते. कागद आणि रान यांत अंतर पडू शकते म्हणून मोजणीदार लागतो. आभासी भूखंडाला मोजणीदार लागतच नाही.

वामनाची कथा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तिच्यातला पेच पावलांच्या संख्येत नाही. तीन पावलांचे वचन दोन्ही पक्षांनी पाळले. पेच असा की वचन दिल्यानंतर पावलाचे माप बदलले, आणि ते माप मोजणाऱ्याच्याच देहात होते. पुराण ही कथा वामनाच्या बाजूने सांगते. फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) ती बळीच्या बाजूने वाचली, आणि एका वाचनपद्धतीचा पाया घातला : ज्याची जमीन मोजली गेली त्याच्या जागी उभे राहून मोजणीकडे पाहणे. तीच पद्धत येथे लावली पाहिजे.

डिसेंट्रालँडमध्ये पाऊल वाढले तरी कोणाचे नुकसान झाले नाही. सेकंड लाइफमध्ये तसे झाले नाही. तिथे दूरच्या ठिकाणी क्षणात पोहोचण्याची सोय आरंभी ठरावीक थांब्यांपुरती होती. थांब्यावर उतरून पुढे उडत जावे लागे. त्यामुळे थांब्याजवळच्या भूखंडांना एस.टी. स्थानकाजवळच्या दुकानांसारखे मोल आले, आणि लोकांनी ते चढ्या भावाने घेतले. २००५ च्या अखेरीस कोठूनही कोठेही थेट पोहोचण्याची सोय झाली. एकाही भूखंडाची जागा इंचभर हलली नाही, क्षेत्रफळ तेच राहिले. फक्त 'जवळ' या शब्दाचा अर्थ नाहीसा झाला आणि त्याबरोबर त्या भूखंडांचे मोलही. महामार्ग गावाबाहेरून गेला की जुन्या पेठेतील दुकानेही ओस पडतात, असे यावर म्हणता येईल. पण महामार्ग बांधणाऱ्याने जुन्या पेठेतले अंतर निर्माण केलेले नसते. येथे अंतर निर्माण करणारा, अंतर विकणारा आणि अंतर पुसून टाकणारा एकच होता.

साक्षी नसला की मोजणीचे काय होते, याचा आणखी एक नमुना २०२१ च्या नोव्हेंबरात दिसला. डिसेंट्रालँडमधील ११६ चौकोनांचा एक पट्टा सुमारे २४ लाख डॉलरना विकला गेला, अशी बातमी जगभर गेली. प्रत्येक चौकोन ५२.५ चौरस फुटांचा, म्हणून एकूण क्षेत्र ६,०९० चौरस फूट, असा हिशेब तिच्यात दिला होता. वस्तुतः १६ मीटर म्हणजे सुमारे ५२.५ फूट. ही बाजूची लांबी. ती क्षेत्रफळ म्हणून छापली गेली. १६ मीटरांची बाजू धरली तर एकूण क्षेत्र २९,६९६ चौरस मीटर, म्हणजे सव्वासात एकरांच्या थोडे वर भरते. चूक पन्नास पटींहून मोठी होती. पण तिने कोणाचेही काही बिघडले नाही : विकणाऱ्याचे नाही, घेणाऱ्याचे नाही, शेजाऱ्याचे नाही. अर्ध्या गुंठ्याच्या फरकासाठी जिथे भावाभावांत दोन-दोन पिढ्या दावे चालतात, तिथे ही बेफिकिरी अद्‌भुत वाटेल. तिचा अर्थ इतकाच की त्या व्यवहारात क्षेत्रफळ हे अलंकरण होते. घेतले गेले ते स्थान आणि संख्या.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की सर्वच मोजमाप संकेताधीन असते. गुंठा निसर्गात नाही, मीटरही नाही. खरी जमीनसुद्धा आज कागदावरच विकली जाते. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले, तेव्हा बांधकामाचा हक्क जमिनीपासून सुटा होऊन एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जाऊ लागला. तो चौरस मीटरांतच मोजला जातो. मग आभासी भूखंड वेगळा कसा? बोद्रियारने १९८१ मध्ये बोर्हेसच्या राज्याएवढ्या नकाशाची कथा उलटी करून, आता नकाशाच प्रदेशाच्या आधी येतो, असे प्रतिपादन केले. त्या मतानुसार हा भेदच कालबाह्य ठरतो.

आक्षेपातले तथ्य मान्य करूनही निष्कर्ष नाकारावा लागतो. एकक संकेताधीन असते, पण मोजले जाणारे संकेताधीन असतेच असे नाही. विकास हक्क कितीही उडता असला तरी शेवटी कोठे तरी उतरतो. तिथल्या गटाराला, नळाला, रस्त्याला त्याचा भार सोसावा लागतो, आणि भार असह्य झाला की शहर साक्ष देते. टॉल्स्टॉयच्या १८८६ मधील प्रसिद्ध कथेतील पाखोम दिवसभर चालून जितकी घेरेल तितकी जमीन मिळवणार असतो. मापाचा संकेत मनुष्यांनी ठरवलेला, पण त्याची मर्यादा सूर्य आणि माणसाचे काळीज ठरवतात. नकाशा प्रदेशाच्या आधी येतो, हे निरीक्षण म्हणून मोलाचे आहे. सिद्धान्त म्हणून स्वीकारले तर मात्र नकाशा चुकला असे म्हणण्याची जागाच उरत नाही, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातचा एकमेव पुरावा हिरावला जातो.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे : जमीनच खोटी, तर हक्क आणि अन्याय यांच्या गोष्टी कशाला; हा खेळ आहे. परंतु तिथे खर्ची पडलेले श्रम खोटे नसतात. लॉकने मालकीचा उगम श्रम मिसळण्यात पाहिला. त्या न्यायाने वर्षानुवर्षे रात्री जागून उभारलेले घर, बाग, सभागृह यांच्यावर उभारणाऱ्याचा काही तरी दावा असलाच पाहिजे. 'ईए-लँड' हे विश्व १ ऑगस्ट २००८ रोजी बंद झाले, तेव्हा तिथल्या वस्त्या, शेजार, भेटीची ठिकाणे सर्व एकाच दिवशी गेले. नावात 'लँड' असलेले विश्व विजेचा दिवा मालवावा तसे मालवता येते, ही गोष्ट नाव ठेवणाऱ्याला ठाऊक असते. राहणाऱ्याला ती ठाऊक असली तरी नाव ती विसरायला लावते.

हक्क आहे, पण तो जमिनीवरचा नाही, हे न्यायालयातही अप्रत्यक्षपणे दिसले. ब्रॅग विरुद्ध लिंडेन रिसर्च या दाव्यात, लिलावातील पळवाट वापरून स्वस्तात जमीन घेतल्याच्या आरोपावरून २००६ मध्ये एका रहिवाशाचे खाते गोठवून त्याची मालमत्ता काढून घेण्यात आली होती. २००७ च्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियातील संघीय न्यायालयाने संस्थेच्या करारातील लवादाची सक्ती अन्याय्य ठरवून नाकारली, आणि त्याच वर्षी दोन्ही पक्षांत तडजोड झाली. आभासी जमीन ही मालमत्ता आहे काय, या प्रश्नाचा निकाल लागला नाही. न्यायालयाने तपासला तो करार : शब्द कोणी लिहिले, बदलण्याचा अधिकार कोणाला, दुसऱ्या पक्षाला नाही म्हणण्याची संधी होती काय. जमीन साक्ष देऊ शकत नव्हती, म्हणून वचनाची साक्ष घ्यावी लागली.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येते. खऱ्या जमिनीच्या मोजणीत न्याय म्हणजे आधी अचूकता. आभासी मोजणी व्याख्येनेच अचूक असल्यामुळे तिथे अचूकता हा गुण उरत नाही. तिचे सारे नैतिक ओझे वचनावर येऊन पडते. आणि वचनातला सर्वांत जड शब्द 'दुर्मिळता' हा आहे. जमीन कमी आहे म्हणून सर्वांना देता येत नाही, हे खऱ्या जगात पुष्कळदा सबब म्हणून सांगितले जात असले तरी त्यामागे निसर्गाची सीमा असते. ९०,६०१ या आकड्यामागे तशी सीमा नाही. त्यामागे निर्णय आहे. लॉकने मालकीला एक अट घातली होती : इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. पृथ्वीवर ती पुरी करणे दुष्कर ठरले. ज्या जगात ती प्रथमच सहज पुरी करता आली असती, त्या जगाच्या रचनाकारांनी आरंभच ती रद्द करून केला, हा या इतिहासातला मोठा उपरोध होय.

याचा अर्थ दुर्मिळता सर्वस्वी अनैतिक आहे असा नव्हे. अमर्याद विस्तारात शेजार निर्माण होत नाही. कोणी कोणाला भेटतच नाही. मर्यादेमुळे गाव होते. शिवाय आभासी जमिनीखालीही एक खरी जमीन आहेच : यंत्रे कोठे तरी ठेवलेली असतात, त्यांना वीज लागते, त्यांची क्षमता संपते. त्या क्षमतेचे हिस्से करणे आणि त्यांचा आकार घेणे यात गैर काही नाही. गैर आहे ते निर्णयाला निसर्गाचे नाव देणे. ज्याने मर्यादा ठरवली त्याच्यावर तिचे कारण सांगण्याची, आणि ती बदलताना ज्यांनी तिच्यावर विश्वास टाकला त्यांना विचारण्याची जबाबदारी येते. निसर्गाला कोणी जाब विचारू शकत नाही. निर्णय घेणाऱ्याला विचारू शकतो, आणि विचारला पाहिजे.

हा जाब विचारण्याची पहिली पायरी भाषेची आहे. 'जमीन' हा शब्द वापरू नये, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. भाषा लक्षणेवाचून चालत नाही. पण मुख्यार्थाचा बाध कोठे झाला आहे, प्रयोजन कोणाचे आहे आणि त्याची किंमत कोण भरतो, याचे भान जागे ठेवणे हे समीक्षेचे जुनेच काम आहे. कवितेपुरते ते मर्यादित राहिले तरी चालत असे, तो काळ आता सरला. खरेदीखतात रूपक शिरले असेल तर खरेदीखतही समीक्षकाने वाचले पाहिजे.